पिंपांच्या खोलीतली प्रॉम्प्टर

नाटक करायला दारूच्या गुत्त्यात जायचं, हे मला आधी अजिबात पटलं नव्हतं. "गुत्ता काय म्हणतेस, पब आहे तो," नवरा म्हणाला. मी म्हटलं, "नाव बदललं म्हणून वास बदलतो का?" तो हसला आणि गाडी काढायला गेला. माझ्या बोलण्यावर हसून आपल्याला हवं तेच करायचं, ही त्याची जुनी खोड.

अमेरिकेत, कॅरीला राहायला येऊन आम्हाला फार दिवस झाले नव्हते. मराठी मंडळातल्या चार नाटकवेड्यांना एकांकिका बसवायच्या होत्या आणि जागा मिळत नव्हती. मंदिराच्या हॉलमध्ये आवाज इतका घुमायचा की नायिका रडतेय की हसतेय ते कळायचं नाही. मग कुणीतरी हा पब शोधून काढला. जुन्या वस्तीतली विटांची बुटकी इमारत, एका बाजूला लॉन्ड्री, दुसऱ्या बाजूला न्हावी. आत लांबलचक लाकडी काउंटर, वर्षानुवर्षं कोपरं टेकून टेकून गुळगुळीत झालेला. त्याच्यापुढे रोजच्या स्टुलांवर रोजचेच लोक. आणि बाथरूमच्या बोळातून सरळ पुढे गेलं की एक दार, आणि दारापलीकडे चक्क थिएटर. जिथून मिळतील तिथून गोळा केलेल्या खुर्च्या, पायरीएवढं उंच स्टेज. शुक्रवार-शनिवार तिथे इंग्रजी नाटकं व्हायची, रविवारी दुपारी ते रिकामं असायचं. ते आम्हाला मिळालं.

पहिल्या दिवशी मी आत शिरले ती सलवार-कमीज घालून, हातात नारळ घेऊन. काउंटरवरच्या मुलीनं माझं आयडी मागितलं. पोटची पोर शाळेत जायला लागलेली आणि हिला शंका की मी एकवीस वर्षांची आहे की नाही. मी तिला म्हटलं, बाई गं, मी प्यायला आलेच नाहीये, मी हा फोडायला आलेय. ती माझ्याकडे बघतच राहिली. शेवटी मालक आला. पांढऱ्या मिशांचा, पोट सुटलेला, डोळ्यांनी हसणारा माणूस. त्याला आमच्या नाटकवाल्यांनी समजावलं की नाटकाआधी नारळ फोडायचा असतो आणि तीन घंटा द्यायच्या असतात. त्यानं मागच्या पायरीवर फोडायला परवानगी दिली. उदबत्तीला मात्र नाही म्हणाला, कारण छतावरचा अलार्म वाजतो. आणि काउंटरच्या वर टांगलेली पितळी घंटा दाखवून विचारलं, ही चालेल का?

चालली की. पुढे आमचा प्रयोग असला की तिन्ही घंटा तोच द्यायचा, मोठ्या मानानं. आणि नारळाचे तुकडे बशीत घालून काउंटरवर फिरायचे. ती रोजची म्हातारी मंडळी बिअरबरोबर खोबरं चघळत बसायची. एका वर्षी नारळ नासका निघाला तर त्यातल्या एकानं मला गाठून विचारलं, आज ते पांढरं नाही का?

तर त्या जागी मी प्रॉम्प्टर होते. मला स्टेजवर उभं केलं की हात कुठे ठेवायचे तेच सुचत नाही, आणि नवरा मात्र प्रत्येक नाटकात मुख्य भूमिकेत. पाठांतर त्याचं यथातथाच. त्यामुळे लग्नानंतर लगेच, पुण्यातल्या हौशी नाटकांपासून, विंगेत पुस्तक घेऊन मी आणि उजेडात तो, अशी वाटणी झाली होती. इथल्या स्टेजला विंगच नव्हती. एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला दार, आणि त्या दारामागे बिअरची पिंपं ठेवायची थंड खोली. मी त्या खोलीत, उपड्या क्रेटवर, स्वेटर आणि वर शाल पांघरून बसायचे. पायाशी पिंपं, पलीकडून तळणाचा वास, आणि दाराच्या फटीतून दिसणारा माझा नवरा.

मालकाला ह्याचं फार नवल वाटायचं. म्हणायचा, आमच्याकडे नट विसरला तर विसरला, त्याचं त्यानं निस्तरायचं. मी म्हणायचे, आमच्याकडे बायका असतात.

लोकांना वाटतं प्रॉम्प्टिंग म्हणजे पुस्तक बघून वाचायचं. डोंबल. पूर्ण वाक्य कधीच द्यायचं नसतं. पहिला शब्द द्यायचा, तोही त्यानं श्वास आत घेतला की, म्हणजे तुमचा शब्द त्याच्या श्वासाबरोबर आत जातो आणि त्याचा होऊन बाहेर येतो. आणि सगळ्यात कठीण काय, तर गप्प झालेला माणूस विसरलाय की त्यानं पॉज घेतलाय, हे ओळखणं. माझा नवरा पॉजचा भारी शौकीन. एका नाटकात मी त्याच्या मस्त जमलेल्या पॉजमध्ये शब्द टाकला आणि घरी येईपर्यंत तो गाडीत एक अक्षर बोलला नाही. मग आम्ही खूण ठरवली. त्याचा उजव्या हाताचा अंगठा मुठीत असला तर पॉज आहे, तू गप्प बस. अंगठा बाहेर आला तर दे. ही खूण जगात आम्हा दोघांनाच ठाऊक होती. लेकीला पण सांगितली नव्हती.

आता हे सगळं सांगायचं कारण वेगळं आहे.

ही सवय स्टेजपुरती राहिली नाही. कशी राहील? तो आयटीतून रिटायर झाला, आणि कधीतरी, कधी ते मला आजही सांगता येणार नाही, मी त्याला घरात शब्द द्यायला लागले. इंडियन ग्रोसरीत उभा राहून तो म्हणायचा, "अगं ते आण ना, ते..." आणि मी म्हणायचे, "मेथी." कुणी भेटलं की तो हात पुढे करायचा आणि मी त्याच क्षणी नाव घेऊन म्हणायचे, अय्या, किती दिवसांनी. म्हणजे त्याला नाव मिळालं. पॉटलकमध्ये, म्हणजे सगळे घरून एकेक पदार्थ आणतात त्या जेवणात, तो गोष्ट सांगत असायचा, मध्येच अडकायचा, मी पोळ्या वाढता वाढता एक शब्द टाकायचे, गोष्ट पुढे चालू. सगळे म्हणायचे काय जोडी आहे, एक वाक्य दोघं मिळून बोलतात. मला बरं वाटायचं हो. खोटं कशाला बोलू.

मग एकदा तो मंडळाची वर्गणी द्यायला गेला आणि अर्ध्या वाटेवरून त्याचा फोन आला की मी कुठे निघालो होतो. दोन दिवसांनी पुन्हा तेच. तेव्हा टेक्ससमधल्या फ्रिस्कोहून लेक विमानानं आली आणि आम्ही न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो. ती डॉक्टरीण त्याला चित्रं दाखवत होती. घड्याळ, कंगवा, गेंडा. तो गेंड्यापाशी थांबला. त्यानं श्वास घेतला आणि माझ्या तोंडून शब्द गेला. तिनं माझ्याकडे बघितलं. पुढच्या चित्राला पुन्हा गेला. मी काही ठरवून करत नव्हते, तो श्वास घ्यायचा आणि माझी जीभ हलायची. तिसऱ्या वेळी तिनं मला अगदी गोड आवाजात बाहेर बसायला सांगितलं. आणि मी बाहेर गेल्यावर, लेक म्हणते, आत बाबांना काहीच येईना. कंगवासुद्धा.

पार्किंग लॉटमध्ये लेक माझ्यावर उखडली. "आई, हाऊ लाँग हॅव यू बीन डूइंग धिस? हे लवकर कळलं असतं तर." मी म्हटलं, कळलं असतं तर काय, औषध आहे का? मग दोघी गाडीत बसून रडलो आणि तो मागच्या सीटवरून विचारत होता की भूक कुणाला लागलीय. लोकांनीही नंतर मला ऐकवलं. वहिनी, तुमच्या लक्षात कसं नाही आलं? आलं नाही लक्षात. नवऱ्याला शब्द देणं हे माझं कामच होतं, उभ्या संसारात तेच केलं. त्याबद्दल मी कुणाची माफीबिफी मागणार नाही.

त्या वर्षी मंडळानं जुनी एकांकिका पुन्हा करायची ठरवलं. आमच्यातल्याच एकानं लिहिलेली. एक म्हातारा घर विकायला काढतो आणि एक तरुण ते बघायला येतो. म्हातारा त्याला एकेक खोली दाखवत जातो, कुठल्या खोलीत काय घडलं ते सांगतो, आणि शेवटी तरुण निघायला दारापाशी जातो तेव्हा म्हाताराच त्याला म्हणतो, "आता दार तुम्हीच लावून घ्या," आणि स्वतःच घराबाहेर पडतो. ही म्हाताऱ्याची भूमिका माझ्या नवऱ्याची. त्या शेवटच्या वाक्याआधीचा त्याचा पॉज म्हणजे आमच्याकडे दंतकथा झाली होती.

दिग्दर्शक आमच्यापेक्षा लहान, आम्हाला काका-काकू म्हणणारा. घरी आला, चहा घेतला, आणि चाचरत म्हणाला, "काकू, काकांना झेपेल ना? नाहीतर यार, आपण काकांचा सत्कार करू या ना." सत्कार म्हणे. माझं डोकंच फिरलं. जिवंत माणसाला शाल घालून कोपऱ्यात बसवायचं. मी म्हटलं, "तू बाकीच्यांचं बघ, काकांचं मी बघते." तो गेल्यावर नवरा म्हणाला, "मी करणार ना गं?" मी म्हटलं, तूच करणार.

मला एवढंच हवं होतं. हा एक प्रयोग पार पडावा. त्यानं त्या उजेडात उभं राहून ते काम शेवटपर्यंत करावं, आणि लोकांना नवरा दिसावा, आजार दिसू नये. पुढचं पुढे. रोज सकाळी चहानंतर आम्ही बसायचो. मी एक शब्द द्यायचे आणि तो आख्खं पान म्हणायचा. मेथी आठवायची नाही त्याला, पण म्हाताऱ्याच्या घरातली प्रत्येक खोली पाठ. मला वाटलं, अरे, ह्यात आहे अजून तो. इथे तर सगळाच्या सगळा आहे. मी वेडी झाले होते त्या आनंदानं. लेकीला फोन करून सांगायचे, आज त्यानं आख्खा दुसरा भाग म्हटला. ती म्हणायची, "दॅट्स ग्रेट, आई," आणि तिचा आवाज ऐकून मला तिचा रागच यायचा.

प्रयोगाच्या दिवशी मालकानं तीन घंटा दिल्या. मी क्रेटवर. फटीतून तो दिसत होता, धोतर आणि माझ्या सासऱ्यांचा जुना काळा कोट घातलेला. काय काम केलं त्यानं. मी दिले शब्द, नाही असं नाही, पण कुणाला कळावं असं काही नाही. श्वासावर दिले, त्यानं उचलले. स्वयंपाकघराच्या प्रसंगात पुढच्या रांगेतल्या बायका डोळे पुसत होत्या. आणि मग शेवट आला. तरुण दारापाशी गेला. नवरा थांबला.

मी त्याच्या हाताकडे बघितलं. अंगठा मुठीत होता.

म्हणजे पॉज. मी गप्प बसले. पुस्तक मांडीवर, तोंडात शब्द तयार, आणि मी गप्प. तो उभा होता. तरुणाची भूमिका करणारा पोरगा माझ्या दाराकडे बघायला लागला, दे ना काकू, अशा नजरेनं. मी नाही दिला. अंगठा मुठीत होता ना. त्याचा शब्द मी कधी मोडला नव्हता. मग त्यानं आजूबाजूला बघितलं, एखाद्याच्या घरी चुकून शिरल्यासारखं, आणि स्टेजवरून पायरी उतरून, खुर्च्यांमधून, त्या बोळाच्या दारानं निघून गेला.

लोकांना वाटलं हाच शेवट. काय टाळ्या पडल्या. उभे राहिले सगळे. दिग्दर्शक रडत होता, म्हणाला, काकू, काय बदललंय काकांनी, ते वाक्यच नकोय, वाक्याची गरजच नाही. मी पिंपांमधून उठले आणि बोळातून धावले.

तालमीनंतर तो नेहमी टेकायचा त्याच स्टुलावर बसला होता, धोतरात, काउंटरवर हात ठेवून. रोजची मंडळी त्याच्या पाठीवर थोपटत होती. मालकानं त्याच्यापुढे जिंजर एल, ते आल्याचं बिनदारूचं पेय, ठेवलं होतं. मला बघितल्यावर त्याचा चेहरा उजळला. म्हणाला, "काय गं, कुठे होतीस? सुरू कधी होणार?" त्याची मूठ अजून मिटलेलीच होती. मी हातात घेऊन उघडली तर अंगठ्यावर नखांचे वळ उमटले होते. मला तेव्हा कळलं की ती खूण नव्हती. तो घाबरला होता आणि त्यानं नुसती मूठ घट्ट धरून ठेवली होती. आणि मी समोर बसून, तोंडात शब्द धरून, त्याला एकट्याला तिथे उभं राहू दिलं.

मी म्हटलं, झालं नाटक. छान झालं. तो म्हणाला, "असं कसं? मी तर इथेच होतो."

त्यानंतर त्यानं काम केलं नाही. शब्द जायचे ते गेले, मी देत राहिले, मग दिलेलेही उचलायचा बंद झाला. लेक म्हणाली फ्रिस्कोला या. मी नाही म्हटलं. तिथे त्याला ओळखीचं काय आहे? इथे निदान तो काउंटर आहे. कधीमधी दुपारी मी त्याला तिथे घेऊन जायचे. मालक हात मिळवायचा, जिंजर एल द्यायचा, आणि तो फार अदबीनं थँक यू म्हणायचा. मी त्याला घास भरवला तर खायचा, स्वेटर चढवला तर हात पुढे करायचा. मी कोण हे मी त्याला कधी विचारलं नाही. डॉक्टरीण म्हणाली होती विचारू नका. आणि विचारून उत्तर ऐकायची माझी हिंमतही नव्हती.

ह्या वर्षी मंडळानं तीच एकांकिका घेतली. म्हाताऱ्याच्या कामात आता तो दिग्दर्शकच. फोन करून म्हणाला, "काकू, प्रॉम्प्टिंगला याल?" मी म्हटलं, नाही रे बाबा, काकांना एकटं सोडता येत नाही. मग आम्ही बघायला म्हणून गेलो. पहिल्यांदाच त्या हॉलमध्ये आम्ही दोघं शेजारी शेजारी खुर्च्यांवर बसलो होतो. मालकानं त्याच्या हातात खोबऱ्याची बशी आणून दिली. घंटा झाल्या. पहिली, दुसरी, तिसरी. तिसऱ्या घंटेला तो ताठ बसला आणि बशी मांडीवर नीट धरली.

नाटकभर तो एकदाही हलला नाही. एकेक खोली होत गेली. शेवट आला. तरुण दारापाशी गेला आणि दिग्दर्शक थांबला. थांबला तो थांबलाच. पिंपांच्या खोलीतून काही येईना, तिथे कोण बसलं होतं देव जाणे. मला पुन्हा तेच दिसायला लागलं, धोतर, काळा कोट, ती मूठ. ह्या वेळी मी गप्प बसणार नव्हते. दिग्दर्शक श्वास घेतोय असं वाटलं आणि माझ्या तोंडून गेलंच, "आता दार..."

नवऱ्यानं माझ्याकडे वळून बघितलं. ओठांवर बोट ठेवलं.

"अहो बाई," तो हळूच म्हणाला, "मध्ये बोलू नका. विसरला नाहीये तो. पॉज घेतलाय."

कित्येक महिन्यांत इतकी वाक्यं तो एका दमात बोलला नव्हता. मी तोंडावर पदर धरला. आणि स्टेजवर दिग्दर्शकानं मान वर केली आणि म्हणाला, "आता दार तुम्हीच लावून घ्या," अगदी वेळेवर, जसा माझा नवरा म्हणायचा तसा.

टाळ्या सुरू झाल्या. तो टाळ्या वाजवत नव्हता, बशी होती ना हातात. ती त्यानं माझ्यापुढे सरकवली.

"घ्या ना," म्हणाला. "मला रागवायचं नव्हतं. तुम्ही एकट्याच आलात का नाटकाला?"

मी खोबऱ्याचा तुकडा उचलला.

"नाही," मी म्हटलं, "नवरा आहे बरोबर."

"मग बरंय," तो म्हणाला, आणि पुन्हा स्टेजकडे बघायला लागला.